टोपी, वर्णनाप्रमाणे

ऐंशी अक्षरं. ईबेवर एखादी वस्तू विकायला काढली की शीर्षकाला एवढीच जागा मिळते, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्यातच मोजतात. जुन्या टोप्यांच्या लिलावात ही ऐंशी अक्षरं साधारण अशी भरलेली दिसतात : 'व्हिंटेज १९३०ज मॅलरी फेडोरा ग्रे फर फेल्ट ७ १/४ युनियन लेबल नॉयर गँगस्टर इंडी'. यात क्रियापद नाही, विरामचिन्ह नाही, कर्ता तर नाहीच. पहिले सात-आठ शब्द टोपीबद्दल आहेत, शेवटचे तीन मात्र शोधणाऱ्याच्या डोक्याबद्दल. 'इंडी' म्हणजे इंडियाना जोन्स. १९८१च्या त्या सिनेमातली टोपी लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या दुकानाने बनवली होती. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावच्या राखाडी मॅलरीचा तिच्याशी संबंध एवढाच, की दोघींना घेर आहे. पण रात्री साडेअकराला कुणीतरी मोबाइलवर ते नाव टाइप करणार असतं, आणि विकणाऱ्याला त्याच्यासमोर यायचं असतं.

असली हजारेक शीर्षकं आणि त्यांच्याखालची वर्णनं मी वाचली आहेत. टोप्या विकत घेतल्या फक्त तीन. म्हणजे मी गिऱ्हाईक कमी आणि वाचक जास्त आहे, आणि या लेखात मला त्या मजकुराबद्दलच बोलायचं आहे. लिलावाचं लिस्टिंग हा आपल्या काळातला एक लेखनप्रकार आहे असं माझं मत आहे. त्याला रूढ शब्द आहेत, ठरलेले अलंकार आहेत, गाळायच्या ठरलेल्या गोष्टी आहेत. चांगलं आणि वाईट लिस्टिंग यांत फरक करता येतो. आणि इतर कुठल्याही लेखनप्रकाराप्रमाणे, तो काय बोलतो यापेक्षा काय बोलत नाही यावरून तो जास्त कळतो.

या नादाला लागायचं कारण अगदी साधं होतं. हार्टफर्डला एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर दोन वर्षं होतो. (हार्टफर्डमध्ये इतक्या विमा कंपन्या आहेत आणि त्यांच्या सिस्टिम्स सांभाळायला इतकी आपली माणसं आहेत, की किराण्याच्या रांगेत मराठी ऐकू आलं तरी मान वळत नाही.) पहिल्या हिवाळ्यात लोकरीच्या कानटोपीने डोक्याला खाज सुटायची. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने सांगितलं, जुनी फर फेल्टची हॅट घे, नवीन घेऊ नकोस, आता तसं फेल्ट करत नाहीत. मी घरी येऊन शोधलं, आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, कुणाची कोण टोपी! मेलेल्या माणसाची असेल. धुतलीस तरी का?" फेल्टची टोपी धुता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिचा पहिला अंदाज मात्र तंतोतंत खरा होता. वर्णनात 'इस्टेट सेल' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तोच, कुणीतरी गेलं आणि घर रिकामं करताना ही निघाली. लिस्टिंगमध्ये मृत्यू एवढाच येतो, तोही गुण म्हणून, कारण इस्टेट सेलची वस्तू म्हणजे मधल्या व्यापाऱ्यांच्या हातांतून न फिरलेली वस्तू.

आपल्याकडे 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे. वापरलेल्या टोप्यांच्या बाजाराला याहून नेमका वाक्प्रचार कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. हा बाजार सगळा त्या एका भीतीवरच उभा आहे. टोपी ही हाताने घ्यायची वस्तू. फेल्ट बोटांत धरून बघायचं, मऊ पण घट्ट आहे का, घेर वाकवला तर परत येतो का, आतल्या चामड्याच्या पट्टीला, म्हणजे स्वेटबँडला, जीव राहिला आहे का. इथे यातलं काहीच करता येत नाही. विकणाऱ्याला सगळं माहीत, घेणाऱ्याला काही नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं : घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सरासरीचाच भाव देतो, मग चांगला माल असलेले बाजारातून निघून जातात आणि उरतो तो भंगार. त्याला पुढे २००१मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या हिशेबाने जुन्या टोप्यांचा ऑनलाइन बाजार चालायलाच नको होता.

तो चालतो तो गद्यावर. माझ्या मते या लेखनप्रकाराचं सगळ्यात चांगलं गद्य दोषांच्या परिच्छेदात असतं. कौतुकाचे परिच्छेद सगळे सारखेच : 'सुंदर', 'दुर्मीळ', 'आजोबांच्या काळातली शान'. दोषांच्या परिच्छेदात मात्र माणसाला बघावं लागतं. 'घेराच्या खालच्या बाजूला, डावीकडे, कसरीने खाल्लेल्या दोन जागा, आरपार नाहीत. रिबनवर घामाची रेघ, उन्हात दिसते. स्वेटबँड मागच्या शिवणीपाशी अर्धा इंच सुटला आहे. लाइनिंग पिवळं पडलंय, फाटलेलं नाही.' अशा चार ओळींत जी टोपी दिसते ती बारा फोटोंत दिसत नाही. फोटोत विकणाऱ्याचा प्रकाश असतो, या ओळींत त्याची नजर असते. आम्ही सॉफ्टवेअर रिलीज करताना 'नोन इश्यूज'ची यादी जोडतो. ती यादी नीट लिहिणाऱ्या माणसाच्या कोडवर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो, आणि जिथे ती यादी कोरी आहे तिथे रात्रीची झोप गेलीच म्हणून समजायची. टोप्यांचंही तेच.

याच्या उलट, सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे 'कृपया फोटो पाहा, तेच वर्णनाचा भाग आहेत'. हे वाक्य खोटं नसतं, पण ते सगळी जबाबदारी वाचणाऱ्यावर ढकलून मोकळं होतं. माझ्या पहिल्या टोपीच्या वर्णनात ते होतं.

*

पहिली टोपी म्हणजे वर लिहिली तशीच : राखाडी, मॅलरी, ७ १/४. अमेरिकन मापात एक अष्टमांशाचा फरक म्हणजे डोक्याच्या घेरात साधारण एक सेंटीमीटर. ७ १/४ म्हणजे अठ्ठावन्न सेंटीमीटर, माझं डोकं तेवढंच. आली तेव्हा ती कपाळाच्या वर बसली, एखाद्या टपालपेटीवर ठेवलेल्या भांड्यासारखी. आतून टेप लावून मोजलं तर सत्तावन्न. आतली चिठ्ठी खोटं बोलत नव्हती. कारखान्यातून निघाली तेव्हा ती ७ १/४च होती. पण माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी चामड्याची पट्टी आखडते आणि आपल्याबरोबर फेल्टही ओढून घेते. या व्यवहारात थोडा मुरलेला कुठलाही विक्रेता हे जाणतो, आणि भला असेल तर 'चिठ्ठीवर अमुक, प्रत्यक्ष मोजता तमुक' अशी दोन मापं देतो. माझ्या विक्रेत्याने एकच दिलं होतं. फोटोंत टेप नव्हती. त्याने मला टोपी घातली असं मी म्हणणार नाही. त्याने फक्त मोजलं नाही आणि मी विचारलं नाही.

(मोठ्या मापाच्या जुन्या टोप्या महाग का असतात तेही मला तेव्हाच उमगलं. एक तर त्या मुळात कमी, त्यात सगळ्या आखडत चाललेल्या. सात-पाच-अष्टमांशच्या वरची एखादी बरी स्टेटसन दिसली की मोठ्या डोक्यांची माणसं तुटून पडतात.)

लिलावाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण किंमत हा या मजकुराचा शेवटचा शब्द आहे. आपल्याकडे बाझी डॉट कॉम ही साइट ईबेने २००४मध्ये विकत घेतली आणि २०१८मध्ये ईबेचं ते भारतीय दुकान बंद झालं. त्यामुळे माझ्या वयाच्या बहुतेकांनी लिलाव पाहिलाय तो आयपीएलचा : हात वर, आकडा वर, हातोडा. ईबेवर तसं नाही. तुम्ही तुमची कमाल किंमत गुपचूप सांगून ठेवता आणि मशीन तुमच्या वतीने लागेल तेवढंच वर जातं. मी ६२ डॉलर सांगून ठेवले होते, दुसऱ्या कुणीतरी ४०. टोपी मला ४१ला मिळाली, कारण त्या पट्ट्यात बोली एक-एक डॉलरने सरकते. म्हणजे जिंकणारा देतो ती किंमत ठरवतो हरणारा. विल्यम विकरेने १९६१मध्ये दाखवलं होतं की अशा पद्धतीत प्रत्येकाने आपल्या मनातली खरी किंमत सांगून शांत बसणं हेच सगळ्यात शहाणपणाचं.

पण शांत कुणी बसत नाही. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, आणि अनुभवी मंडळी शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत तोंड उघडत नाहीत. अ‍ॅमेझॉनचेही एकेकाळी लिलाव होते. तिथे शेवटी बोली आली की वेळ वाढत असे. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२मध्ये दोन्हींची तुलना केली आणि शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवरच जास्त आढळली. वस्तूंच्या बाबतीत तर हे अनुभवी लोक जास्तच करतात, कारण जाणकाराने लवकर बोली लावली तर तिच्यातूनच इतरांना कळतं की ही टोपी खरी आहे. जाणकाराचं मौन ही त्याची मिळकत. रविवारी रात्री नऊच्या सुमाराला मीही बोट स्क्रीनवर ठेवून बसायचो आणि सेकंद मोजायचो. यातून होतं असं, की ज्यांना टोपीतलं सगळ्यात जास्त कळतं ते काही लिहीत नाहीत, आणि जे लिहितात त्यांना बऱ्याचदा कमी कळतं. समीक्षेच्या कुठल्याही क्षेत्रात अशी अवस्था असती तर आपण हळहळलो असतो.

*

आता त्या शीर्षकातल्या 'युनियन लेबल'कडे येऊ. माझी सगळी तक्रार तिथे आहे.

अमेरिकन टोपीच्या स्वेटबँडच्या मागे, बोट घालून पट्टी उलटली की, पोस्टाच्या तिकिटासारखा कडांना छिद्रं असलेला एक छोटा कागद सापडतो. ती कामगार संघटनेची चिठ्ठी. संग्राहकांसाठी ती सोन्याची, कारण तिच्यावरून काळ ठरतो. तिच्यावर 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' असेल तर टोपी १९३४च्या आधीची. त्या वर्षी ही संघटना टोप्या-कॅपा-मिलिनरीवाल्यांच्या संघटनेत विलीन झाली आणि चिठ्ठीवरचं नाव बदललं. वर्णनात याचा उल्लेख नेहमी असतो, फोटो असतो, काही वेळा चिठ्ठीच्या रंगावर आणि छपाईवर दोन ओळींची टिप्पणीही असते. विद्वत्ता म्हणून मला तिचा आदर आहे. एक निनावी विक्रेता ओहायोतल्या गॅरेजमध्ये बसून, हस्तलिखितांचा अभ्यासक कागदाचा पाणचिन्हावरून काळ ठरवतो तसं काम करतो आहे.

पण ती चिठ्ठी काळ सांगण्यासाठी लावलेली नव्हती. ती गिऱ्हाइकाने दुकानातच, पैसे देण्याआधी, पट्टी उलटून बघावी म्हणून होती : ही टोपी करणाऱ्यांना संघटनेचा दर मिळाला का? तिच्यासाठी डॅनबरीत माणसं देशोधडीला लागली. हे गाव म्हणजे अमेरिकेची टोप्यांची राजधानी, आजही 'हॅट सिटी' म्हणवतं. हार्टफर्डहून गाडीने तासाभरावर. तिथल्या डी. ई. लोवी यांच्या कारखान्याने संघटनेला मान्यता द्यायला नकार दिला. १९०२मध्ये संप झाला, मग देशभर बहिष्कार : चिठ्ठी नसलेली लोवीची टोपी घेऊ नका. मालकाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कामगारांवरच खटला भरला. १९०८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, आणि १९१५मध्ये पक्कं झालं की भरपाई संघटनेच्या साध्या सभासदांनीही स्वतःच्या खिशातून द्यायची. रक्कम अडीच लाख डॉलरच्या घरात. टोप्या करणाऱ्यांची घरं आणि बँकेतली बचत आधीच जप्त करून ठेवलेली होती. शेवटी देशभरच्या कामगारांनी वर्गणी काढली तेव्हा ती सुटली.

हे सगळं त्या तिकिटाएवढ्या कागदात आहे. लिस्टिंगमध्ये त्याचं झालं 'युनियन लेबल, पोस्ट-१९३४'. जो प्रश्न 'ही कुणी केली, कोणत्या परिस्थितीत?' असा होता, तो 'ही कधीची?' असा झाला. मला यात विक्रेत्याचा दोष दिसत नाही. विकणारा उत्तरं देतो ती विचारलेल्या प्रश्नांची, आणि आम्ही घेणारे वर्षच विचारतो, कारण वर्षाला भाव आहे. १९३०ची टोपी १९५०च्या टोपीपेक्षा महाग : रिबन रुंद, घेर मोठा, फेल्ट जड. १९६०च्या आसपासच्या बारक्या घेराच्या टोप्यांना तर कुणी फारसं विचारत नाही. म्हणून शंका असेल तिथे सगळे विक्रेते जुन्याकडे झुकतात. 'पोस्ट-१९३४' म्हणजे १९५५ही असू शकतं. शीर्षकात मात्र '१९३०ज'च येतं.

आणि इथे या मजकुराने गाळलेली दुसरी गोष्ट येते. सशाची किंवा बीव्हरची फर नुसती दाबून तिचा नमदा होत नाही. केस एकमेकांत अडकावेत म्हणून कातडीवरच्या फरीला आधी पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण लावत. फर नारिंगी पडे, म्हणून त्या कृतीला 'कॅरटिंग' म्हणत. पुढे वाफेने भरलेल्या, हिवाळ्यात खिडक्या लावलेल्या खोल्यांत तीच फर दाबली जाई, उकळत्या पाण्यात बुडवली जाई, साच्यावर चढवली जाई. प्रत्येक टप्प्यावर पारा हवेत. कामगारांचे हात थरथरत, हिरड्या सुजत, स्वभाव बदले. माणसं लाजरी, संशयी, चिडकी होत. त्या थरथरीला अमेरिकेत गावाचंच नाव होतं, 'डॅनबरी शेक्स'. पारा कारखान्यांतून गावच्या स्टिल नदीतही गेला. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने फेल्टमधला पारा बंद करवला तो डिसेंबर १९४१मध्ये.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. चिठ्ठी बदलली १९३४मध्ये, पारा थांबला १९४१च्या अखेरीस. म्हणजे शीर्षकात 'पोस्ट-१९३४ लेबल' आणि '१९३०ज' एकत्र लिहिणारा प्रत्येक विक्रेता खरं तर आणखी एक विधान करत असतो : ही पाऱ्याच्या दिवसांतली टोपी आहे. भाव वाढवणारी माहिती आणि कामगाराचा हात थरथरवणारी माहिती एकच आहे, एकाच आकड्यात आहे. हजार वर्णनांत मला पहिली प्रत्येक वेळी दिसली आणि दुसरी एकदाही नाही. टोपी घालणाऱ्याला धोका कामगाराच्या मानाने फारच कमी होता हे खरं, पण वस्तुसंग्रहालयांत जुन्या फेल्टच्या टोप्या हाताळताना पाऱ्याची खबरदारी घेतात. आणि आमच्या छंदातला पहिला धडा काय, तर टोपी आली की किटलीच्या वाफेवर धरा, फेल्ट मऊ पडतं, हवा तो आकार द्या. ती आखडलेली मॅलरी मी हार्टफर्डच्या माझ्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात अर्धा तास वाफेवर धरून ताणली होती. तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते महिनाभराने, चिठ्ठीवरून टोपीचं वर्ष काढता येतं का हे शोधताना.

'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधला टोपीवाला सगळ्यांना वेडा म्हणून माहीत आहे. टेनिएलने काढलेल्या चित्रात त्याच्या उंच टोपीला एक कागद खोचलेला आहे, त्याकडे मात्र लक्ष जात नाही. त्यावर लिहिलंय : या पद्धतीची, दहा शिलिंग सहा पेन्स. त्याच्या डोक्यावरची टोपी विक्रीची आहे. १८६५च्या त्या पुस्तकात किमतीची चिठ्ठी आणि वेडा माणूस एकाच चित्रात आहेत. आम्ही चिठ्ठी तेवढी ठेवली.

*

माणूस वगळायची ही सवय फक्त करणाऱ्यापुरती नाही, घालणाऱ्यालाही तीच वागणूक आहे. इथे दोन बाजार आहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये फ्रान्सात नेपोलियनची एक काळी बायकॉर्न १९ लाख युरोंच्या वर गेली. ऑगस्ट २०२४मध्ये इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या सिनेमातली फेडोरा ६ लाख ३० हजार डॉलरला गेली. तिथे टोपी निमित्त आहे, पैसे डोक्याचे. ईबेवरच्या चाळीस डॉलरच्या टोपीत बरोबर उलटं. पूर्वी दुकानदार स्वेटबँडवर गिऱ्हाइकाची आद्याक्षरं सोनेरी रंगात उठवून देत. वर्णनात ती अक्षरं कुठे येतात? दोषांच्या परिच्छेदात. कसरीच्या दोन जागा, रिबनवरची घामाची रेघ, आणि 'मूळ मालकाची आद्याक्षरं, घातल्यावर दिसत नाहीत'. ज्याने ती टोपी वीस वर्षं घातली तो माणूस डागांच्या यादीत. मी दोषांच्या परिच्छेदाची एवढी स्तुती केली ती याही कारणाने, की निदान तिथे तरी त्याचा उल्लेख येतो.

मला वाटतं या प्रकारच्या मजकुराला सुधारायला फार काही लागणार नाही. वर्ष लिहिताना त्याचा आधार लिहा. दोन मापं द्या. आणि चिठ्ठी दाखवताच आहात तर तिच्यावर काय लिहिलंय तेही पूर्ण लिहा, नुसतं 'लेबल आहे' नको. प्रोजेक्ट संपला आणि परत यायचं ठरलं तेव्हा स्वतःच्या या उपदेशाप्रमाणे वागायची संधी मला मिळाली. दोन टोप्या बॅगेत बसल्या. मॅलरी बसेना, तशी ती डोक्यालाही कधी नीट बसली नव्हती.

मी दोन रात्री वर्णन लिहिलं. माप, चिठ्ठीवरचं आणि टेपचं. कसरीची जागा, टेपसकट फोटो. चिठ्ठी १९३४ नंतरची आहे, पण टोपी १९३०च्या दशकातलीच हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून शीर्षकात दशक घातलं नाही. आणि शेवटी एक परिच्छेद : ही डॅनबरीची टोपी आहे, १९४१च्या आधीची असेल तर तिच्या फेल्टला पारा लावलेला असू शकतो, बंद खोलीत वाफ देऊ नका. डॅनबरी शेक्सबद्दलही एक वाक्य घातलं. रूममेट म्हणाला, "येड्या, अशानं कोण घेणार ही?" मीही मनात धरलं होतं की वीस-पंचवीसला गेली तरी खूप.

पाच दिवस कुणी बोली लावली नाही. सहाव्या दिवशी एका माणसाचा निरोप आला. त्याने वर्णन पूर्ण वाचलं होतं, पाऱ्याचा परिच्छेदसुद्धा, आणि त्याला एकच विचारायचं होतं : म्हणजे ही नक्की युद्धाच्या आधीची ना? मी लिहिलं, नक्की नाही, म्हणूनच तसं लिहिलंय. त्याने अंगठा पाठवला.

रविवारी रात्री शेवटच्या आठ सेकंदांत दोन बोली आल्या आणि टोपी ६७ डॉलरला गेली. दोघांपैकी एक तोच होता. आठवड्याने त्याने माझ्या खात्यावर अभिप्राय टाकला. पॅकिंग उत्तम, टपाल वेळेवर, वस्तू अगदी वर्णनाप्रमाणे. आणि पुढे कंसात, खरी प्री-वॉर.